खाडा: शहापूर-मुरबाडमधल्या विशेष मुलांच्या घरांचा इतिहास



आजच्या व्याख्यानाला मी एकच शब्द शीर्षक म्हणून दिलाय, आणि तो शब्द माझा नाही. कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या एस.टी.त एकदा माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा. त्याची मान सावरत नव्हती, हातपाय आखडलेले होते. कुठून आलात, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ठाण्याला गेलतो, याच्या दाखल्यासाठी. आज तिसरा खाडा."

खाडा म्हणजे मजुरीवर न गेलेला दिवस. ज्यांना महिन्याचा पगार असतो त्यांची 'रजा' होते, ज्यांना रोजची मजुरी असते त्यांचा खाडा पडतो. तीन खाडे म्हणजे तीन दिवसांचे पैसे गेले. त्यात जायचं-यायचं भाडं, बाहेरचं खाणं, आणि घरी राहिलेल्या बाकीच्या मुलांना शेजारणीकडे सोपवल्याचे उपकार.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. अपंग मुलांच्या शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे साधारणपणे संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक शाळा निघाली, तमुक साली कायदा झाला. त्या बाईंचं बोलणं ऐकल्यापासून मला वाटायला लागलं की शहापूर-मुरबाडपुरता तरी हा इतिहास खाड्यांच्या हिशोबाने सांगून बघावा. आज तेच करते आहे.

सुरुवात मात्र मुंबईपासून करावी लागेल, कारण सुरुवात तिथेच झाली.

मुंबईत १९४४ साली जय वकील आणि होर्मसजी वकील या पारशी दांपत्याने आपल्या घरात एक छोटी शाळा काढली. त्यांची मुलगी दीना हिला डाऊन सिंड्रोम होता आणि तिला घेणारी शाळा नव्हती. योगायोग बघा, त्याच १९४४ साली युद्धानंतरच्या शिक्षणाबद्दलचा सार्जंट अहवाल आला, आणि त्यात अपंग मुलांच्या शिक्षणाचा विचार सरकारने करावा असं म्हटलेलं आहे. अहवाल कपाटात राहिला, घरातली शाळा वाढत गेली. आज शिवडीला आहे ती जय वकील संस्था त्याच शाळेतून उभी राहिली.

तीनच वर्षांनी, १९४७ मध्ये, फातिमा इस्माईल यांनी मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी केंद्र सुरू केलं. त्यांची मुलगी उषा हिला पोलिओ झाला होता. तिच्यासाठी त्या मद्रासपर्यंत जाऊन उपचार शिकून आल्या होत्या. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी कुलाब्याला सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी शाळा काढली. त्यामागे त्यांची मुलगी मालिनी. नाशिकला १९७७ मध्ये रजनीताई लिमये यांनी 'प्रबोधिनी' सुरू केली, त्यांच्या मुलासाठी, गौतमसाठी.

दीना, उषा, मालिनी, गौतम. आपल्याकडच्या या चळवळीच्या पायात अशी मुलांची नावं आहेत. सरकारने केलं नाही ते आईबापांनी केलं, असं आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरंच आहे. पण यातलं एक मला बरीच वर्षं दिसलं नव्हतं. या सगळ्या आयांकडे दिवस होते. दुःख कमी होतं असं मी म्हणत नाही, दुःखाची मोजदाद कोण करणार? पण मद्रासला जाऊन राहता येणं, घरातली एक खोली शाळेला देता येणं, चार ओळखीच्या लोकांना पत्र लिहिता येणं, ही सगळी दिवस हाताशी असलेल्या माणसाची कामं आहेत.

ठाणे शहरापर्यंत ही रीत व्यवस्थित पोचली. महानगरपालिकेची 'जिद्द' शाळा झाली, 'जागृती पालक संस्था' झाली. डोंबिवलीजवळ खोणी गावात अविनाश बर्वे सरांच्या पुढाकारातून 'घरकुल' उभं राहिलं, मोठ्या वयाच्या मतिमंद मुलामुलींसाठी. पालक संघटना कशी चालते हे तुम्हाला माहीत आहे. रविवारची सभा, इतिवृत्त, निवृत्त बँक अधिकारी खजिनदार, वर्षाला हिशेबतपासणी. पाड्यावर रविवारला सुट्टी नसते. तिथून थोड्याच अंतरावर, शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर, ही रीत अडून बसली ती इथे.

अंतर तसं फार नाही. आसनगावला रेल्वे १८६०च्या सुमारास आली. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. पुढे भातसाचंही जायला लागलं. जलवाहिनी तालुक्यातून जाते आणि मार्चनंतर तिच्या आसपासच्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते, हे वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येतं. मुरबाडला तर रेल्वे अजून नाहीच, कल्याणपर्यंत एस.टी. किंवा जीप. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ पाणी खाली जातंय, पण फिजिओथेरपिस्ट वर येत नाही. जरा कडवट वाक्य झालं, असू द्या.

पण पाड्यावर कुणी म्हणजे कुणीच येत नव्हतं, असंही नाही. भगत येत होता.

याच्यावर मला थोडं थांबायचंय, कारण आपण शहरी लोक भगताचं नाव निघालं की अंधश्रद्धा म्हणून पुढे जातो. मूल उशिरा बसलं, बोललं नाही, झटके आले की घरचे सांगतात ग्रहण लागलंय. गरोदरपणात ग्रहणाच्या वेळी आईने काही चिरलं, कापलं, असा समज. म्हणजे दोष आईकडेच. भगत उतारा सांगतो, कोंबडं मागतो, पैसेही जातात, आणि झटक्यांवरचं औषध सुरू व्हायला उशीर होतो. नुकसान खरं आहे, मी त्याची भलामण करत नाही. पण खाड्यांच्या हिशोबाने बघितलं तर काय दिसतं? भगत घरी येतो, संध्याकाळी येतो, आईशी बोलतो, मुलाला हात लावतो. या मुलांच्या बाबतीत कितीतरी वर्षं घरापर्यंत येणारा एकमेव 'तज्ज्ञ' तोच होता. त्याच्या जागी आपण काय ठेवलं? "अमुक वारी ठाण्याला या" असं लिहिलेली चिठ्ठी.

खरं तर दुसरी वाट याच जिल्ह्यात सापडली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला काम केलं. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा, २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. मोठी मुलं गुरं राखायला जातात, म्हणून मास्तरांनी गुरांमागे कुरणात जायचं. ती 'कुरणशाळा'. मूल शाळेत येत नसेल तर ती शाळेची अडचण समजायची, मुलाचा दोष नाही. हे सगळं दीनाच्या शाळेनंतर थोड्याच वर्षांत, दोनेकशे किलोमीटरच्या आत घडत होतं. पण विशेष शिक्षणवाले आणि कोसबाडवाले असे दोन प्रवाह फारसे एकत्र आले नाहीत. विशेष शिक्षण शहरात इमारत बांधत राहिलं. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाडी देशभर गेली, पण तिच्या तक्त्यावर मुलाचं वजन होतं. मान धरतं का, नजर फिरवतं का, याला जागा नव्हती. म्हणजे ताईंना मूल रोज दिसत होतं, नोंद होत होती ती त्याच्या किलोंची.

आता कायद्यांकडे येऊ. इथे मी भरभर जाणार आहे. १९७४ मध्ये अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजना आली. १९९५ मध्ये अपंग व्यक्ती कायदा झाला, त्यात सात प्रकार होते. स्वमग्नता त्या सातांत नव्हती. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा झाला, त्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता घेतली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यात २१ प्रकार. कायद्यांची ही चढण चांगलीच आहे. माझ्या दृष्टीने तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. २०१६ च्या कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी देखभाल करणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाचा दिवस जातो, हे कायद्याने पहिल्यांदा शब्दांत मान्य केलं. प्रत्यक्षात तो भत्ता मुरबाडच्या किती घरांत पोचला हे विचारू नका, पण शब्द आलाय.

या सगळ्या कायद्यांचं दार एकच, प्रमाणपत्र. ४० टक्क्यांचा आकडा. त्याच्याशिवाय संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान नाही, 'निरामय' विम्याचं एक लाखाचं कवच नाही, ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले दिव्यांगांसाठीचे ५ टक्के मागायला तोंड नाही. एस.टी.चं उदाहरण घ्या. दिव्यांग माणसाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, अपंगत्व फार जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मं तिकीट. चांगली सोय. पण सवलतीला दाखला लागतो, आणि दाखला मिळेपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या भाड्याने. ती मघाची बाई बसमध्ये होती ते बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळण्याच्या, म्हणजे मार्च २०२३ च्या आधी.

तिचे तीन खाडे कशात गेले ते सांगते, कारण तिने मला सगळं सांगितलं आणि मी ते घरी येऊन लिहून ठेवलं. पहिल्या दिवशी पोचेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटले, पण आधार कार्डावरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं. मूल घरी जन्मलेलं, नोंद नंतर कुणीतरी केलेली. तिसऱ्या दिवशी तपासणी झाली, आणि कागद न्यायला पुन्हा या म्हणाले. म्हणजे चौथा खाडा ठरलेलाच. यात कुणी दुष्ट नव्हतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. खिडकीवरचा माणूस नियमाने वागला, डॉक्टर बरे बोलले. चार दिवस तरीही गेलेच. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्राचा अर्ज संगणकावरून करायचा असतो. त्याने एखादी फेरी वाचते, पण पाड्यावर मोबाईलला रेंज असली तर, आणि अर्ज भरून देणारं कुणी असलं तर.

तर हा 'अर्ज भरून देणारं कुणी' म्हणजे या दोन तालुक्यांतलं संस्थांचं काम. इथल्या संस्था लहान आहेत. कुणी आरोग्याच्या वाटेने या कामात आलं, कुणी बालवाडीच्या, कुणी आदिवासींच्या हक्कांच्या. अहवालात त्या 'पुनर्वसन' लिहितात, देणगीदारांना तो शब्द लागतो. प्रत्यक्षात निम्मं काम कागदाचं आणि गाडीचं असतं. नाव दुरुस्त करून घेणं, पाच-सहा घरांना एकाच जीपमध्ये घालून एकाच दिवशी तपासणीला नेणं, डॉक्टरांशी आधी बोलून ठेवणं. पाच फेऱ्यांची एक होते. मला विचाराल तर हीच या क्षेत्रातली सगळ्यात मोठी थेरपी. विनोद नाही करत. वाचलेले चार दिवस आई कामावर जाते, घरात डाळ येते.

उरलेलं निम्मं काम मात्र नाजूक आहे, आणि त्याचे दोन धागे परदेशातून आलेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचं गाव आहे. तिथे १९६९ मध्ये हाच प्रश्न होता. विखुरलेली घरं, लांब शाळा. त्यांनी ठरवलं की शिक्षिकेने आठवड्यातून एकदा घरी जायचं, आणि मुलाला नव्हे, आईबापांना शिकवायचं. एका आठवड्याला एखाददुसरी गोष्ट, पुढच्या भेटीत ती बघायची. ही पद्धत पुढे भारतातही आली. दुसरा धागा मेक्सिकोचा. डोंगरातल्या एका खेड्यात अपंग तरुणांनीच चालवलेल्या केंद्राच्या अनुभवावर डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये खेड्यातल्या अपंग मुलांबद्दल एक जाडजूड पुस्तक काढलं, चित्रांनी भरलेलं. त्यात खुर्च्या, चालायचे दांडे, बसायची साधनं सगळी लाकडाची, दोरीची, गाडीच्या जुन्या टायरची.

हे पुस्तक आठवतं ते शिबिरातल्या खुर्च्या बघून. वाटपाचं शिबिर तुम्ही पाहिलं असेल. मंडप, पाहुणे, ओळीने मांडलेल्या चाकाच्या खुर्च्या, फोटो. मग ती खुर्ची पाड्यावर जाते. शहापूरच्या डोंगरउतारावर, दगडांत, पावसाळ्यातल्या चिखलात चाकं फिरत नाहीत. मुलाच्या मापाची नसते, मूल त्यात एका बाजूला घसरतं. अशा खुर्चीवर मी वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या आहेत. त्यापेक्षा कुडाच्या भिंतीच्या कोपऱ्यात बसवलेली फळीची बैठक कितीतरी उपयोगाची, पुढे पाय सरळ राहावेत म्हणून एक आडवी पट्टी. बांबू आहे, कारवी आहे, सुताराला दीड तास. फोटो मात्र चांगला येत नाही.

घरी गेलेली कार्यकर्ती करते काय, ते एका गोष्टीवरून सांगते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आई बहुतेक वेळा आडवं झोपवून पेज पाजते. मान धरत नाही, मग काय करणार? आडवं असताना पेज श्वासनळीत जाते, मूल ठसकतं, आई घाबरून कमी देते, मूल वाळत जातं, छातीत सारखा कफ. तक्त्यावर हे मूल 'कुपोषित' म्हणून येतं, आणि त्यावर आणखी पेज द्या असा सल्ला मिळतो! याला उपाय साधा आहे. मूल जवळजवळ सरळ बसवायचं, मान किंचित पुढे, पाठीला आधार, चमचा समोरून, पेज जरा घट्ट. हे सांगून येत नाही, चार वेळा आईच्या हाताखाली हात धरून करावं लागतं. शिकवणारी जर त्याच भागातली असेल, तिलाही भात लावायला जायचं असेल, तर ती आईला "दिवसातून तीनदा अर्धा तास व्यायाम" असं कधी सांगत नाही. आंघोळ घालताना मांड्या कशा उघडायच्या, पाण्याला जाताना कडेवर कसं घ्यायचं, एवढंच सांगते. कडेवर पाय फाकवून घेतलं की तोच व्यायाम होतो. मुंबईत २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी सुरू केलेल्या 'उम्मीद' संस्थेने अशा वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्या तयार करण्याचं शिक्षण चालवलं, ते मला या क्षेत्रातलं एक शहाणपणाचं पाऊल वाटतं.

सरकारकडूनही माणूस जातो. गट साधन केंद्रातले विशेष तज्ज्ञ, विशेष शिक्षक. वर्षानुवर्षं कंत्राटावर काम केलेली ही माणसं. एकेकाकडे किती पाडे! त्यांच्यावर टीका करणं सोपं आहे, मी करणार नाही. एवढंच म्हणेन की घरचं शिक्षण हा कायद्यातला पर्याय महिन्यातून एखाद्या भेटीवर आला, तर त्याचा अर्थ मूल घरीच राहिलं असा होतो.

आणि दिवाळी झाली की घरच हलतं. कातकरी, ठाकूर, कोळी कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. विशेष मूल बरोबर जातं. पाड्यावर चार महिने बसवलेली सवय भट्टीवरच्या झोपडीत मोडते, कारण तिथे कुडाचा कोपरा नाही, आणि आई पहाटेपासून मातीत. मूल विटांच्या आडोशाला, मोठी बहीण त्याच्याजवळ. आणि मग त्या बहिणीची शाळा सुटते. एका मुलासाठी पडलेल्या खाड्यात दुसऱ्या मुलीची वर्षं धरावीत की नाही? माझ्या हिशोबात मी धरते.

यावरून शेवटच्या मुद्द्याकडे येते. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान. ज्याला स्वतःचा व्यवहार कळत नाही त्याच्या नावाने सही करायला आईबापांनासुद्धा पालकत्व घ्यावं लागतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्यासाठी जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत एक संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. समिती अर्थात ठाण्याला. म्हणजे अठरा वर्षांनी फेऱ्या पुन्हा पहिल्यापासून, आता मूल कडेवर घेण्याजोगं राहिलेलं नाही आणि आईचीही पाठ गेलेली. शहरातले पालक या वयात "आमच्यानंतर काय" असं विचारतात, आणि त्यातून खोणीच्या 'घरकुल'सारख्या जागा उभ्या राहतात. पाड्यावर हा प्रश्न मला कुणी मोठ्याने विचारलेला नाही. भाऊ बघेल, असं म्हणतात. भावाचं लग्न ठरेना की मग कारण कळतं.

मी या दोन तालुक्यांत जाते तेव्हा भेटलेल्या कार्यकर्त्यांना एक विनंती करते. तुमच्या भेटीच्या वहीत तारीख, मुलाचं नाव, काय शिकवलं, असे रकाने असतातच. त्यात एक वाढवा: आईचा दिवस गेला का? काहींनी हसून सोडून दिलं. एकीने घातला. गेल्या पावसाळ्यात तिने मला वही दाखवली. जून-जुलैच्या पानावर त्या रकान्यात खाली-खाली एकच शब्द होता, 'नाही', 'नाही', 'नाही'. एके ठिकाणी त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: लावणी चालू होती, बांधावर बसून घेतलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.